सुखरूप उतरला, म्हणजे बरोबरच होता का?

21 मे 2025 ला इंडिगोचं दिल्ली-श्रीनगर विमान, 6ई 2142, पठाणकोटजवळ गारपिटीच्या ढगात सापडलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर केबिनमधल्या आरडाओरड्याचा तो व्हिडिओ ज्याने त्याने टाकला. मी डॅलसला असतो, नोकरी आयटीतली, पण वीकेंडला छोटं सेस्ना उडवतो, प्रायव्हेट लायसन्स आहे, आणि घरच्यांच्या लेखी एवढ्यावर मी विमानांमधला शेवटचा शब्द. त्यामुळे नाशिकच्या काकांचा मेसेज आलाच, "अरे तू सांग बाबा, पायलटचं चुकलं का नाही?"

मी टाइप करेपर्यंत ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या होत्या. आत्या म्हणे, देवमाणूस आहे तो पायलट, सव्वादोनशे माणसं खाली आणली. तिचाच मुलगा म्हणे, समोर ढग दिसतोय तरी घातलं विमान आत, लायसन्स काढून घ्या. मग दोन्ही पायलटना चौकशी होईपर्यंत ड्युटीवरून बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या आणि आत्या जी भडकली ती भडकलीच.

मला दोघांचंही पटलं नाही. म्हणजे दोघंही पायलटला मार्क देत होते ते शेवट काय झाला त्यावरून. मॅच जिंकली की टॉस जिंकून घेतलेली बॅटिंग शहाणपणाची, हरलो की कॅप्टन बिनडोक, तसं. विमान उतरलं म्हणून आत्याचा देवमाणूस, रेडोम, म्हणजे विमानाच्या नाकावरचं रडारचं झाकण, फुटलं म्हणून आतेभावाचा गुन्हेगार.

आता झालं काय ते डीजीसीएने, म्हणजे भारतातल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, नंतर सांगितलं, ते जरा नीट बघू, कारण व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही. विमान 36,000 फुटांवर होतं. वेदर टाळायला क्रूने डावीकडे, म्हणजे सीमेच्या बाजूला डेव्हिएशन, म्हणजे वाट वळवायची परवानगी, मागितलं, नॉर्दर्न कंट्रोलने, जो हवाई दलाकडे आहे, ते दिलं नाही. मग त्यांनी थेट लाहोरच्या कंट्रोलला विचारलं, तुमच्या हद्दीत येऊ का, तिथूनही नकार. मग परत फिरायचा प्रयत्न केला, पण ढग इतका जवळ आला होता की त्यांनी सरळ आत जायचं ठरवलं आणि श्रीनगरच्या दिशेने जवळच्या वाटेने बाहेर पडायचं. आत गेल्यावर ऑटोपायलट सुटला, स्पीडचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत, एकीकडे स्पीड फार जास्त म्हणून वॉर्निंग आणि एकीकडे स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल जाण्याची, वॉर्निंग, आणि एका टप्प्यावर विमान मिनिटाला 8,500 फूट या वेगाने खाली येत होतं. एरवी आपण उतरताना हे दीड-दोन हजार असतं, त्यावरून अंदाज करा. क्रूने हाताने विमान उडवत बाहेर काढलं, पॅन पॅन, म्हणजे मेडेच्या एक पायरी खालची तातडीची सूचना, डिक्लेअर केलं, श्रीनगरला उतरवलं. नाकाचं रेडोम फुटलेलं, पण प्रवाशांपैकी कुणालाही इजा नाही.

आतेभाऊ म्हणाला, मग इमर्जन्सी आहे म्हणून घुसायचं ना सरळ लाहोरकडे, कॅप्टनला अधिकार असतो. असतो, खराच असतो, जिवावर बेतलं तर पायलट-इन-कमांड गरजेपुरता उड्डाणाचा नियम मोडू शकतो. पण तारीख बघा रे. 10 मे ला गोळीबार थांबला होता आणि हे 21 मे ला. दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलेलं. अशा वेळी भारताकडून न विचारता, उलट विचारून नाही म्हटल्यावर, एक मोठं विमान सीमेपलीकडे न्यायचं? मी त्या खुर्चीत असतो तर ढगापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली असती. सोफ्यावर बसून हा पर्याय सोपा दिसतो, तिथे तो पर्याय होता असंच मी धरत नाही.

आणि परत न फिरता सरळ गेले यावरून जे लोक बोंबलत होते त्यांना हे माहीत नसतं की एकदा ढगात शिरलं की वळायचं नाही असंच शिकवतात. वळताना विमान तिरकं होतं, पंखांवर लोड वाढतो, आणि आतला मुक्काम वाढतो तो वेगळाच. सरळ राहा, लेव्हल राहा, उंची धरून ठेवायच्या नादी लागू नका, बाहेर पडा. त्यामुळे ढगातल्या त्या मिनिटांचे मार्क मी पूर्ण देतो. ढगात शिरायच्या क्षणाचे पण बऱ्यापैकी देतो, कारण तेव्हा हातात उरलेले सगळे पर्याय वाईटच होते.

माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. त्या उंचीवर जेट मिनिटाला साधारण सात-आठ नॉटिकल मैल जातं, म्हणजे वीस मिनिटं आधी ते दीडशे मैल मागे होतं. तिथे रडारवर काय दिसत होतं, कुठल्या रेंजवर बघत होते, डेव्हिएशन पहिल्यांदा कधी मागितलं, उजवीकडे काय होतं, आणि दिल्लीहून निघताना डिस्पॅचने, म्हणजे कंपनीत बसून फ्लाईट आखणाऱ्यांनी, काय सांगितलं होतं. मे महिन्यातला उत्तरेतला ढग, आपल्या वळवासारखाच, बघता बघता वाढतो, त्यामुळे वीस मिनिटं आधी तो तसा दिसतच नव्हता असंही असू शकतं, आणि तसं असेल तर पायलटवर बोट दाखवायला जागा फारच कमी. पण जज करायचं असेल तर ते मिनिट जज करा, जेव्हा दुसरी वाट अजून उघडी होती. गारा काचेवर आपटायला लागल्यावरचं मिनिट काय कामाचं.

यावर ग्रुपवर काकांनी थम्ब्स अप टाकला, म्हणजे वाचलं नाही.

तर हे सगळं इथे लिहितोय कारण हा विषय माझ्या डोक्यात इंडिगोच्या आधीपासून आहे. टेक्सासमध्ये वसंतात एकापाठोपाठ एक सेल्सच्या, म्हणजे वादळी ढगांच्या, लायनी येतात, त्यामुळे हॅंगरमध्ये याच गप्पा जास्त. अमक्याने काय केलं, तमका कसा गेला. आणि मला दिसतं ते असं की आम्ही पायलट लोक एकमेकांना जज करण्यात फॅमिली ग्रुपपेक्षा काही फार शहाणे नाही, फक्त आमचे शब्द भारी असतात.

आधी थोडं टेक्निकल. एफएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या विमान वाहतुकीच्या नियामकाचा, सल्ला साधा आहे, सिव्हिअर म्हणून ओळखलेल्या थंडरस्टॉर्मपासून किमान 20 मैल लांब राहा. म्हणजे दोन तगड्या सेल्सच्या मधून जायचं तर गॅप किमान 40 मैलांची हवी. प्रत्यक्षात कोणी इतकी जागा सोडत नाही असं तुम्हाला सांगणारे भेटतील, भेटतातच. पण 20 मैल का, तर गारा ढगाच्या बाहेर, चांगल्या स्वच्छ हवेत पण फेकल्या जातात आणि टर्ब्युलन्स ढगाची कड बघून थांबत नाही. रडारला दिसतं ते मुख्यतः पाणी, कोरडी गार किंवा बर्फ त्याला नीट दिसत नाही, म्हणून उंचावरून जाताना ढगाचा वरचा भाग स्क्रीनवर किरकोळ वाटू शकतो, अँटेना खाली झुकवून बघितलं तर खालचा लाल गोळा दिसतो. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे मुसळधार पावसात विमानातल्या रडारची शक्ती पुढच्या पावसातच खर्ची पडते, त्यामागे काय आहे ते दिसतच नाही, स्क्रीनवर तिथे काळं, म्हणजे मोकळं दिसतं.

हे काळं मोकळं वाटणं कसं अंगाशी येतं ते 4 एप्रिल 1977 ला जॉर्जियात झालं. सदर्न एअरवेज 242, डीसी-9, हंट्सव्हिलहून अटलांटाला जाणारं. रडारवर जिथे वाट आहे असं वाटलं तिथे वाट नव्हती. गारा आणि पाणी इतकं आत गेलं की दोन्ही इंजिनं बंद पडली, पायलटनी न्यू होप नावाच्या गावाजवळ हायवेवर उतरवायचा प्रयत्न केला, विमानातले 63 आणि जमिनीवरचे 9 असे 72 जण गेले. आता त्याच क्रूने त्याच दिवशी काही वेळापूर्वी हाच रस्ता उलट्या दिशेने केला होता, आणि तेव्हा थोडे हेलकावे, थोडा पाऊस, बाकी काही नाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण आत्ता तर आलो इथून, काही नव्हतं, हे वाक्य मी स्वतः किती जणांकडून ऐकलंय.

पण मी ही केस सांगतोय ती वेगळ्याच कारणासाठी. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेतलं अपघात तपासणारं बोर्ड, ज्यांचं कामच दुसऱ्यांचे निर्णय तपासायचं, त्यांनी प्रोबेबल कॉज, म्हणजे संभाव्य कारण, लिहिलं ते दोन्ही इंजिनांची ताकद गेली असं, आणि त्यात कंपनीच्या डिस्पॅचने ताजं वेदर पोचवलं नाही, कॅप्टन विमानातल्या रडारवर विसंबला, एटीसीच्या, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरांच्या, सिस्टीममध्ये ही माहिती वेळेत पोचायची सोय नव्हती, असे हातभार लावणारे मुद्दे. आणि बोर्डाच्या एका मेंबरने, फ्रान्सिस मॅकअ‍ॅडम्स त्यांचं नाव, वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं, खरं कारण म्हणजे सिव्हिअर वेदर टाळण्याऐवजी त्यातून जायचा कॅप्टनचा निर्णय. सगळा पुरावा समोर, महिनोन् महिने हातात, कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐकलेलं, तरी जाणत्या माणसांचं एकमत नाही. आणि आपण चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवर निकाल देऊन मोकळे.

माझं मत विचाराल तर मी बोर्डाच्या बाजूने. कॅप्टनला सोडायचं म्हणून नाही. पण "त्याने टाळायला हवं होतं" एवढं लिहून थांबलं तर डिस्पॅचच्या टेबलावर पडून राहिलेल्या माहितीचं काय?

आता क्रॉसफिल्ड. स्कॉट क्रॉसफिल्ड हे नाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ध्वनीच्या दुप्पट, म्हणजे मॅक दोन वेगाने उडणारा पहिला माणूस, 20 नोव्हेंबर 1953, डग्लस स्कायरॉकेट. पुढे एक्स-15 रॉकेट विमान पहिल्यांदा उडवणारा पण तोच. म्हणजे पायलट म्हणून याच्यापुढे आपण कोण. 19 एप्रिल 2006 ला, वय 84, स्वतःचं सेस्ना 210 घेऊन ते अलाबामातल्या प्रॅटव्हिलहून व्हर्जिनियातल्या मनासासला निघाले. एकटेच. 11,000 फुटांवर, उत्तर जॉर्जियावर, रेडिओवर त्यांनी वेदरसाठी दक्षिणेकडे वळायला मागितलं, कंट्रोलरने परवानगी दिली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात विमान रडारवरून गेलं. दुसऱ्या दिवशी लुडव्हिलजवळच्या डोंगराळ जंगलात अवशेष सापडले.

या बातमीनंतर पायलट लोकांत काय चाललं असेल याची कल्पना करा. एक गट म्हणणार, एवढा मोठा माणूस, त्याच्या हातून असं होणं शक्य नाही, नक्की काहीतरी विमानात बिघडलं असणार. दुसरा गट म्हणणार, 84 वर्षं, कशाला उडायचं. गंमत बघा, दोघंही माणूस जज करतायत, निर्णय कुणीच नाही. एकाने त्याची कीर्ती बघितली, दुसऱ्याने जन्मतारीख.

एनटीएसबीने दोन गोष्टी लिहिल्या आणि दोन्ही साध्या आहेत. एक, वाटेत ताजी वेदर माहिती घेतली नाही आणि त्यामुळे इन्स्ट्रुमेंटवर उडत उडत ते सिव्हिअर वादळांच्या मोठ्या भागात पुढे जात राहिले. दोन, एटीसी कंट्रोलरने नियमाप्रमाणे वेदर टाळायला जी मदत करायची असते ती केली नाही. बस. यात मॅक दोन नाही, वय नाही. पुढे काय वाढलंय हे उडताना रेडिओवर विचारता येतं, त्याला एक-दोन मिनिटं लागतात, आणि ते काम माझ्यासारख्या वीकेंडवाल्याला जितकं लागू आहे तितकंच क्रॉसफिल्डना लागू होतं.

मला ही केस निवाड्यासाठी सगळ्यात चांगली वाटते कारण इथे दोन्ही टोकं एकत्र आहेत. पायलटचा निर्णय चुकला, हे म्हणायला मी कचरत नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, आपण तिथे नव्हतो, असं म्हणणारे असतात, पण मग शिकायचं कशातून? आणि त्याच वेळी कंट्रोलरच्या स्क्रीनवर जे दिसत होतं ते पायलटपर्यंत पोचायला हवं होतं हेही तितकंच खरं. एकाचं चुकलं म्हणजे दुसऱ्याचं आपोआप बरोबर होत नाही. आपल्याकडे वाद घालताना हे विसरतातच लोक, एक नाव सापडलं की फाईल बंद.

आता उलटी बाजू, जी कुणी बघत नाही. जे गेले आणि काही झालं नाही त्यांचं काय? आमच्याच डॅलस-फोर्ट वर्थला 1997 मधल्या वादळांचा एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने अभ्यास केला होता, उतरायला आलेली एअरलाईनची विमानं समोर थंडरस्टॉर्म आल्यावर काय करतात. साधारण दोन तृतीयांश वेळा विमानं आतून गेली. आतून! आणि कधी जास्त जातात तर एअरपोर्ट जवळ आला की, पुढचं विमान गेलेलं असलं की, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झालेला असला की, आणि अंधार पडला की. यातली एकही गोष्ट ढगात काय आहे याबद्दल काही सांगत नाही. उशीर झाला म्हणून ढग मऊ होत नाही ना.

त्याच एअरपोर्टवर 2 ऑगस्ट 1985 ला डेल्टा 191 पडलं, मायक्रोबर्स्टमध्ये, म्हणजे ढगातून एकदम खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात, 137 मृत्यू. फर्स्ट ऑफिसरने समोरच्या ढगात वीज बघून बोलून पण दाखवलं होतं. तरी गेले. आणि त्यांच्या अगदी पुढे एक लिअरजेट, म्हणजे छोटं खासगी जेट, होतं, ते त्याच पावसातून गेलं आणि उतरलं. त्या लिअरजेटच्या पायलटच्या निर्णयावर कुणी पुस्तकं लिहिली नाहीत. तोच ढग, तोच रनवे. लिअरजेटवाला बरोबर आणि डेल्टावाला चूक असं म्हणायला आपल्याकडे काय आधार आहे, नशीब सोडून? एनटीएसबीने तिथेही क्रूचा निर्णय धरला, पण सोबत हेही धरलं की विंडशिअर, म्हणजे वाऱ्याचा वेग-दिशा एकदम बदलणं, टाळायचं कसं आणि सापडलात तर निसटायचं कसं याचं धड ट्रेनिंग नव्हतं आणि धोक्याची ताजी माहिती द्यायची सोय नव्हती. पुढे सिम्युलेटर ट्रेनिंग बदललं, विमानांत आणि एअरपोर्टवर विंडशिअर पकडणारी सिस्टीम आली. नुसतं "पायलटची चूक" लिहून ठेवलं असतं तर यातलं किती झालं असतं देव जाणे.

हॅंगरमधलं सांगतो. माझ्याबरोबर उडणारा एक जण, मूळ सोलापूरचा, बायको-मुलांना घेऊन गॅल्व्हेस्टनला जाणार होता. सकाळी फोरकास्ट बघितलं, दुपारी वादळांची लाईन येणार, रद्द केलं. लाईन आलीच नाही, म्हणजे आली पण लांबच विरघळली, आणि संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ की विचारू नका. मुलं रुसली, आणि हॅंगरमध्ये आमच्या लोकांनी त्याची जी उडवली. "वेदर मॅन" वगैरे. आता सकाळी त्याच्या समोर जे होतं त्यावर त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, संध्याकाळच्या आभाळाने त्यात काय फरक पडतो? पण महिन्याभरात तो स्वतःच म्हणायला लागला, त्या दिवशी उगाच घाबरलो. हे मला त्या चेष्टेपेक्षा वाईट वाटलं, कारण पुढच्या वेळी तो थोडी कमी जागा सोडणार.

त्याच सीझनमध्ये दुसरा एक, वयाने आणि तासांनी आमच्या सगळ्यांत सीनियर, दोन सेल्सच्या मधून आला. आयपॅडवर गॅप बघून. आता त्या आयपॅडवरचं नेक्सरॅड, म्हणजे जमिनीवरच्या हवामान रडारांचं चित्र म्हणजे लाईव्ह नाही, कोपऱ्यात "एक मिनिट जुनं" लिहिलेलं असलं तरी आतलं रडारचं स्कॅन वाईटात वाईट पंधरा-वीस मिनिटं त्याहून जुनं असू शकतं, एनटीएसबीने 2012 मध्ये याबद्दल खास सेफ्टी अलर्ट काढला होता. तेवढ्यात सेल कुठल्या कुठे जातो. हे त्याला माहीत नाही असं नाही, तो दुसऱ्यांना शिकवतो. कॉफी घेत सगळ्यांना ट्रॅक दाखवत होता, दोन लाल डागांच्या मधून सरळ रेघ, आणि पोरं खूश, भारी, क्या बात है.

मी विचारलं, गॅप मध्येच बंद झाली असती तर कुठे वळणार होतास?

म्हणाला, "झाली नाही ना."